किनाऱ्यावरच्या गावात रस्त्याकडेला कुठली झाडं लावावीत? (खारा वारा, कातळ आणि पुराचं पाणी)

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या नगरपंचायतीने यंदा रस्त्याकडेला २४० झाडं लावायचं ठरवलंय. खड्डे मे महिन्यात, लागवड मिरग लागला की. ठेकेदाराच्या यादीत गुलमोहर, सोनमोहर, सातवीण, आकाशशेंगा आणि कॉनोकार्पस आहेत. कारण एकच, रोपं तयार आहेत, १०-१२ फूट उंच आहेत आणि भरभर वाढतात. यादीवर हरकत घ्यायला महिनाभर मुदत आहे.

रस्त्याचे तीन तुकडे आहेत आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी.
पहिला पुळणीलगतचा. नुसती वाळू, दीड-दोन मीटरवर पाणी, समुद्रावरचा वारा थेट अंगावर.
दुसरा चढणीचा. कातळ, वर वीतभर माती.
तिसरा खाडीलगतचा बाजार. जुलैत गुडघाभर पाणी दोन-दोन दिवस उभं राहतं. एका बाजूला विजेच्या तारा, खाली नवीन गटारं.

२००९ ला फयान, २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते. वादळात उभी राहतील, एप्रिल-मेच्या उन्हात सावली देतील आणि पाणी तुंबलं तरी मरणार नाहीत अशी झाडं हवीत. जाणकारांनी तुकड्यानुसार सुचवावं.

उधाण:
पुळणीवर उंडी, भेंड आणि करंज. यापलीकडे फार विचार करू नका. तिन्ही झाडं मूळची किनाऱ्याची आहेत.

उंडीचं पान हातात घेऊन बघा. जाड, चकचकीत, वर मेणाचा थर आणि मधल्या शिरेपासून कडेपर्यंत अगदी जवळजवळ समांतर रेघा. या मेणामुळे खाऱ्या तुषारातलं मीठ आत शिरत नाही. गुलमोहराच्या बारीक पर्णिकांना हे संरक्षण नाही. वादळानंतर चार-आठ दिवसांनी किनाऱ्यावरची झाडं बघितलीत तर समुद्राकडची बाजू भाजल्यासारखी तपकिरी आणि जमिनीकडची हिरवी असं दिसेल. तो वाऱ्याचा मार कमी आणि मिठाचा जास्त असतो. पानाची कड आधी करपते, मग आतपर्यंत जाते.

उंडीची वाढ मात्र सावकाश आहे. सावली म्हणावी अशी सावली यायला ८-१० वर्षं धरा.

मिरगाचा_किडा:
+१ उंडीला. पूर्वी दिव्यात उंडीचं तेल जळायचं आणि होड्यांना तिचं लाकूड लागायचं. आता नर्सरीत मागितली तर "ती काय असते" विचारतात.

सुरूबन:
पुळणीवर सुरू का नको? ५० वर्षं किनाऱ्यावर सुरूच लावला जातोय. वाळू धरून ठेवतो, तीन वर्षांत डोक्यावर जातो, मिठाला दाद देत नाही. भेंडाला काय त्याची सर येणार?

उधाण:
@सुरूबन, सुरू मिठाला टिकतो हे खरं. पण रस्त्याकडेला एकेरी रांगेत लावायचं ते झाड नव्हे. सुरू टिकतो तो बनात, पाच-सात रांगा एकमेकींना आडोसा देतात तेव्हा. कडेच्या रांगा वारा अंगावर घेतात, आतल्या सुटतात. शिवाय पुळणीखाली पाणी वर असेल तर मूळ खोल जात नाही, थाळीसारखं पसरतं. अशा जागी ३०-३५ वर्षांचा, ६०-७० फूट वाढलेला सुरू अख्खा मुळासकट आडवा होतो आणि सोबत वाळूचा गोल चकता उचलून आणतो. रस्त्याकडेला ते परवडणारं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सुयांचा थर. सुरूखाली दुसरं काही धड रुजत नाही. मर्यादवेल, केवडा हे वाळू धरणारे खरे राखणदार तिथून हटतात.

वेळासकर:
सुरूबद्दल एक भर घालतो. मंडणगडात वेळासला आणि इतर किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्यांना भरतीरेषेच्या वर उघडी वाळू लागते. सुरूची लागवड समुद्राकडे सरकत नेली की घरटं करायची जागाच आक्रसते, आणि मुळांच्या जाळीत मादीला खणता येत नाही. नगरपंचायतीने काहीही लावलं तरी रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला, उघड्या वाळूत, झाड नको. तिथे मर्यादवेल राहू द्या.

खाडीकाठ:
वेळासकर, हे लक्षात आलं नव्हतं. समुद्राकडची बाजू यादीतून काढतोय. लागवड फक्त गावाकडच्या बाजूला.

विळाकोयता:
नावांच्या याद्या करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. वादळात झाड पडलं म्हणजे नेमकं काय झालं? दोन वेगळ्या गोष्टी होतात, आणि दोन्हींचं कारण वेगळं.

एक, झाड उन्मळतं. म्हणजे मुळं कमी पडली. दोन, झाड मोडतं. म्हणजे लाकूड ठिसूळ किंवा फांदीचा जोड कच्चा.

सातवीण, आकाशशेंगा, सुबाभूळ ही मोडणारी. लाकूड हलकं, वाढ भराभर, वारा जोराचा आला की फांद्या कटाकट तुटतात. गुलमोहर आणि सोनमोहर दोन्ही करतात, मुळं उथळ आणि फांद्या लांब, आडव्या.

मोडण्याचं आणखी एक कारण दुबेळकं. खोडाला दोन सारख्या जाडीच्या फांद्या फुटून इंग्रजी 'व्ही'सारखा अरुंद कोन झाला की दोन्हींच्या मध्ये साल आत दुमडत जाते. लाकडाला लाकूड जुळतच नाही. बाहेरून जोडाच्या खाली दोन्ही बाजूंना कानासारखे फुगवटे दिसतात. ते दिसले की समजा, हे झाड कधीतरी मधोमध फाटणार. पहिल्या तीन-चार वर्षांतच दोनातली एक फांदी काढायची. तेव्हा ती अंगठ्याएवढी असते, जखम वर्षभरात भरते. पंधरा वर्षांनी तीच मांडीएवढी होते, मग काढली तरी खोड कुजतं.

म्हणजे चांगल्या जातीचं झाड वाईट वाढवलं तर तेही पडतं. करंजाला दुबेळकी फार होतात. उधाण यांनी करंज सुचवलाय, मलाही मान्य आहे, पण लहानपणी छाटणी करणारा माणूस असेल तरच.

गुलमोहरप्रेमी:
गुलमोहराला सरसकट नावं ठेवू नका. देशावर, मोकळ्या मैदानात, कोरड्या जमिनीत तो चाळीस-चाळीस वर्षं उभा असतो. इथे पडतो तो बहुतेक वेळा गटारासाठी एका बाजूची मुळं तोडल्यामुळे. झाडाचा काय दोष?

विळाकोयता:
@गुलमोहरप्रेमी, मुळं तोडण्याबद्दल पूर्ण सहमत. खोडाला लागून चर खणला की त्या बाजूचा आधार गेला, आणि मोठ्या मुळांच्या तुटलेल्या टोकांतून बुरशी शिरते. झाड लगेच पडत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी पडतं, तोवर गटार कोणी खणलं ते सगळे विसरलेले असतात.

तरीही कोकणाचा पाऊस देशावरचा नाही. इथे तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पडतो, तोही चार महिन्यांत. पाण्याने भिजून लगदा झालेल्या मातीत उथळ मुळांची पकड सुटते. शिवाय गुलमोहर फेब्रुवारी-मार्चपासून निष्पर्ण होतो. खाडीकाठ यांना सावली हवी आहे ती नेमकी तेव्हाच.

वायंगण:
वाऱ्याच्या दिशेबद्दल. बरेच जण म्हणतात, कोकणात वारा नैर्ऋत्येचा, म्हणून झाडाला त्या बाजूने आधार द्या. मोसमी वाऱ्यापुरतं ठीक. चक्रीवादळात ते चालत नाही. आपल्याकडे वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. तौक्तेसारखं वादळ समुद्रातून किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जातं तेव्हा गावात वारा आधी पूर्व-आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा होतो. निसर्गने ३ जून २०२० ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमीन गाठली, ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाने. तेव्हाही वाटेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत वारा वेगवेगळ्या दिशांचा होता. म्हणून मुळं चारी बाजूंनी सारखी पसरायला हवीत. एका बाजूला गटाराची भिंत आणि दुसरीकडे काँक्रीट अशी फूटभर फट ठेवून लावलेलं झाड कुठल्याही जातीचं असो, त्याचा भरवसा नाही. किमान सव्वा मीटर बाय सव्वा मीटर उघडी माती मिळाली पाहिजे.

चिरेखाण:
कातळाच्या तुकड्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. इथेच सगळ्यात जास्त झाडं मरतात आणि खापर जातीवर फुटतं.

कातळात ब्रेकरने खड्डा मारला की ती एक दगडी हंडी होते. जूनमध्ये रोप लावलं, जुलैत हंडी भरली. पाणी जायला वाट नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडून कुजतात. वरून पानं पिवळी पडतात, माणसाला वाटतं खत कमी पडलं, तो आणखी शेणखत घालतो, आणि रोप ऑगस्टमध्ये जातं. जगलंच तर पुढे मुळं हंडीच्या भिंतीला लागून गोल गोल फिरतात. दहा वर्षांनी कुंडीतलं झाड जसं उपटून येतं तसं ते वाऱ्यात उपटून येतं.

उपाय असा. खड्डा १ मीटर लांब, रुंद, खोल. खणला की मे महिन्यातच पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी उतरलं असेल तर कातळाला भेग आहे, जागा उत्तम. तसंच उभं असेल तर उताराच्या बाजूने तळापासून वीतभर रुंदीची नाळ फोडून बाहेर काढा आणि ती खडीने भरा. चढणीच्या रस्त्याला उतार आयताच असतो, त्यामुळे हे जमतं.

त्याहून चांगलं म्हणजे सुटे खड्डे न घेता तीन झाडांसाठी एकच लांब चर, १ मीटर रुंद, ९० सेंटिमीटर खोल, ८-९ मीटर लांब. मुळांना एकमेकांत गुंतायला जागा मिळते आणि पाणी एका टोकाला काढता येतं.

भरताना निघालेला चिऱ्याचा चुरा फेकू नका. तांबडी माती तीन भाग, चुरा एक भाग, शेणखत एक भाग, आणि अर्धा किलो निंबोळी किंवा करंज पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या शेणाला वाळवी लागते आणि तीच मग रोपाच्या सालीकडे वळते. भरून झाल्यावर माती जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, पावसात ती बसते. सपाट भरली तर रोप खाली जातं, खोडाशी पाणी साचतं.

झाडं: कुंभा, किंजळ, अंजन, बकुळ, करंज. कुंभा आणि किंजळ तर कातळावरच्या रानात आपणहून वाढतात.

पाणंद:
चिरेखाण, पोस्ट जपून ठेवली. मे महिन्यात पाणी भरून बघण्याची युक्ती प्रत्येक नगरपंचायतीने निविदेतच लिहायला हवी.

नवीनसभासद_२:
अंजन म्हणजे तेच का, खान्देशात असतं ते?

चिरेखाण:
नाही. खान्देश-विदर्भातला अंजन वेगळा, मोठा, कोरड्या रानातला. कोकणातला अंजन म्हणजे मेमेसायलॉन. लहान झाड, जाड गडद पानं, उन्हाळ्यात फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके. लाकूड अतिशय टणक. नर्सरीत नुसतं "अंजन" म्हणून मागणी दिलीत तर भलतंच येईल. शास्त्रीय नाव लिहूनच मागणी द्या.

खाडीकाठ:
मग बाजाराच्या तुकड्याचं काय? पाणी तुंबतं आणि वर तारा आहेत.

वायंगण:
तुंबणाऱ्या पाण्यात समुद्रफळ. काही ठिकाणी निवर म्हणतात. (तिवर नव्हे, ते खाजणातलं झाड.) समुद्रफळ नदी-ओढ्याच्या काठावरचं, मुळाशी पाणी राहिलं तरी चालतं. उंची फार होत नाही, त्यामुळे तारांखाली छाटणी कमी लागते. रात्री लालसर फुलांच्या लांब माळा उमलतात आणि सकाळी खाली सडा पडतो. एक सूचना, फळ आणि साल विषारी आहे, मासे भुलवायला वापरायचे. शाळेच्या फाटकासमोर लावू नका.

जिथे तारा नाहीत तिथे ताम्हण. राज्यपुष्प आहे, आणि मूळचं पाणवठ्याचं झाड आहे. हिवाळ्याअखेर पानं झडतात हा एक तोटा, पण मे महिन्यात नवी पालवी आणि फुलं दोन्ही असतात.

जेट्टीजवळ मोकळी जागा असेल तर अर्जुन. पण तो मोठा होतो, दुकानांच्या पुढ्यात नको.

चिपळूण-महाडकडच्या लोकांनी २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर एक गोष्ट बघितली असेल, पुराचं पाणी ओसरतं पण गाळ राहतो. खोडाभोवती फूटभर गाळ तसाच ठेवला तर मुळं गुदमरून चांगलं झाडही वर्ष-दीड वर्षात वाळतं. पूर ओसरला की पहिल्या पंधरवड्यात खोडाभोवतीचा गाळ फावड्याने ओढून मूळची पातळी उघडी करायची. हे काम कोणाच्याच यादीत नसतं.

आगर:
नारळ कोणी सुचवला नाही. वाऱ्यात वाकतो, मोडत नाही. किनाऱ्याला त्याच्याइतकं शोभणारं दुसरं काय?

उधाण:
@आगर, परसात नारळच. रस्त्याकडेला नको. वर्षभर नारळ आणि झावळ्या पडत राहणार, खाली माणसं आणि गाड्या. पाडेली (नारळ उतरवणारा) नियमित मिळाला तरच. शिवाय सावली नावापुरती. सुपारीची तर बातच नको, निसर्गमध्ये श्रीवर्धन भागात सुपारीच्या बागा कशा आडव्या झाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय.

मिरगाचा_किडा:
आणि देशी बदाम? त्याचे मजले मजले छान असतात, पोरं फळं वेचतात.

उधाण:
बदाम चालेल, थोडा. मीठ सोसतो, मजल्यांमधून वारा आरपार जातो. वर्षातून दोनदा लाल होऊन पानं गाळतो आणि ती हाताएवढी पानं गटाराच्या जाळीवर बसतात. गटारापासून लांब असेल तिथेच.

हरकतदार:
कॉनोकार्पसबद्दल स्वतंत्रपणे हरकत घ्या, ती सगळ्यात सोपी आहे. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गुजरातचा किनारा आपल्यासारखाच खारा, तरी त्यांनी घातली. मुळं पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांत शिरतात, आणि परागकणांचा त्रास होतो. सातवीणच्या मोहराच्या उग्र वासाचाही अनेकांना त्रास होतो, दवाखान्यासमोर आणि घरांच्या खिडक्यांना लागून तो नकोच.

कायद्याचा मुद्दाही तपासा. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाच्या भरपाईत जी झाडं लावायची ती ६ ते ८ फूट उंच हवीत, ७ वर्षं सांभाळायची, अशी अट आली. २४० मधली काही झाडं भरपाईची असतील तर ही अट लागू होते. पण १०-१२ फुटांची अट कायद्यात कुठेच नाही.

रोपवाटिका:
हरकतदार यांनी उंचीचा विषय काढलाच आहे तर मुख्य गोष्ट सांगते. दहा फुटी रोप म्हणजे बहुतेक वेळा लहान पिशवीत तीन-चार वर्षं अडकलेलं रोप. वर काठीसारखं उंच, खाली मुळांची गुंडाळी.

खरेदीच्या वेळी प्रत्येक गाडीतली चार-पाच रोपं निवडून पिशवी फाडा. मुळं धुवा. सोटमूळ पिशवीच्या तळाला आपटून आकड्यासारखं वळलं असेल, किंवा जाड मुळं खोडाभोवती गोल फिरलेली असतील, तर अख्खी गाडी परत पाठवा. अशी मुळं जमिनीत गेली तरी सरळ होत नाहीत. जाड होत जातात, एकमेकांना आणि खोडाला आवळतात. झाड आठ-दहा वर्षं हिरवंगार दिसतं आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात बुंध्याशी मोडतं. मोडलेल्या जागी बघितलं तर खोडाभोवती मुळाचा फास दिसतो.

दुसरी तपासणी पिशवी न फाडता होते. खोड दोन बोटांत धरून हलकेच हलवा. मातीचा गोळा सोबत हलला तर ठीक. खोडच मातीत खुळखुळलं तर मूळ नाही.

घ्यायचं रोप ५-६ फुटांचं, खोड अंगठ्याएवढं, मोठ्या पिशवीतलं. भरपाईच्या झाडांसाठी ६ ते ८ फुटांची अट पाळायची असेल तर निदान पिशवी त्या मापाची मागा.

लावताना पिशवी पूर्ण काढा. (हे लिहावं लागतं, कारण पिशवीसकट पुरलेली रोपं दर वर्षी सापडतात.) गोळ्याच्या तळाचा बोटभर थर कापून टाका, बाजूंना तीन-चार उभे चिरे द्या. खोड जिथे मुळांकडे रुंद होतं तो फुगवटा मातीच्या वर दिसला पाहिजे. खोल पुरलेलं खोड आपल्या पावसात कुजतं.

विळाकोयता:
रोपवाटिका, अगदी हेच. आधाराच्या काठ्यांबद्दलही लिहा.

रोपवाटिका:
दोन काठ्या, गोळ्याच्या बाहेर ठोकलेल्या, बांधणी खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागात. काथ्याची दोरी इंग्रजी आठसारखी फिरवून सैल बांधायची, म्हणजे शेंडा वाऱ्यात हलत राहतो. हललं तरच खोड बुंध्याशी जाड होतं आणि मुळं पसरतात. शेंड्यापर्यंत घट्ट बांधलेलं रोप काठी काढताच वाकतं. एका पावसाळ्यानंतर, फार तर दोन, काठ्या काढा. लोखंडी पिंजराही खोडाला टेकायच्या आधी कापून काढायला हवा, नाहीतर सळई लाकडात रुतते.

तारकर:
विजेच्या तारांखालचा विषय राहिला. दर मे महिन्यात तारेच्या बाजूच्या फांद्या सपासप तोडतात आणि दुसरी बाजू तशीच ठेवतात. झाडाचा सगळा भार रस्त्याकडे. मग पावसात ते रस्त्यावरच पडतं.

विळाकोयता:
म्हणून तारांखाली मुळात बुटकं झाड. आणि जी आहेत त्यांचा शेंडा छाटू नका. शेंडा उडवला की तिथून झाडूसारखे दहा फुटवे येतात, ते सालीलगतच जोडलेले असतात, तीन वर्षांनी तेच तुटून तारेवर पडतात. फांदी जिथून फुटली त्या जोडापर्यंत मागे जाऊन कापायची, पण जोडाचा फुगवटा राखून. मोठी फांदी तीन कापांत, आधी हातभर अंतरावर खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट जोडाशी. नाहीतर पडताना ती खाली सालीची लांब पट्टी सोलून नेते. डांबर फासायची गरज नाही. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाच्या तोंडावर नाही.

गुलमोहरप्रेमी:
मान्य. गुलमोहर रस्त्याकडेला नको, शाळेच्या मोठ्या मैदानाच्या कोपऱ्यात एखादा असू दे. एवढी मुभा द्या.

उधाण:
मैदानात जरूर. मे महिन्यात त्याचा रंग कोणाला नकोसा होईल?

पाणंद:
जातींच्या संख्येबद्दल. शहरी वनशास्त्रात १०-२०-३० असा ठोकताळा आहे, १९९० पासून वापरतात. एकाच जातीची झाडं १० टक्क्यांहून जास्त नकोत, एका वंशाची २० टक्के, एका कुळाची ३० टक्के. कारण उघड आहे, एक कीड आली तर गाव उघडं पडू नये. पांगाऱ्याच्या पानांवर गाठी करणारी गांधीलमाशी आली आणि पांगारे बघता बघता वाळले, ते आठवा. मुंबईतल्या पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकणाने घेरलं ते तर अलीकडचं.

सुरूबन:
पुळणीवर दहा जाती कुठून आणणार? मोजून चार टिकतात.

पाणंद:
टक्केवारी अख्ख्या गावाची धरायची, एका तुकड्याची नाही.

खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून यादी नव्याने मांडली. उघडी माती सव्वा मीटर धरल्यावर बाजारात तेवढी झाडं बसतच नाहीत, म्हणून २४० ऐवजी २००.

पुळण, गावाकडची बाजू (६०): उंडी २०, भेंड २०, करंज १०, बदाम १०.
कातळ (९०): बकुळ २०, कुंभा २०, किंजळ २०, आवळा २०, करंज १०.
बाजार आणि जेट्टी (५०): समुद्रफळ २०, ताम्हण २०, अर्जुन १०.

काही चुकत असेल तर सांगा.

चिरेखाण:
आवळा काढा. फळं लगडली की फांद्या ठिसूळपणे तुटतात, वारा लागायची गरज नाही. त्या २० जागी अंजन घ्या.

पाणंद:
टक्केवारीत बसतेय. कुठलीही जात २० च्या वर नाही. किंजळ, बदाम आणि अर्जुन तिन्ही टर्मिनालिया, म्हणजे ४०, अगदी काठावर. आता त्या वंशातलं आणखी काही घालू नका. ऐन किंवा बेहडा कोणी सुचवला तर तेवढे कमी करा.

वायंगण:
लागवडीची तारीख तुकड्यानुसार वेगळी ठेवा. कातळावर मिरगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की लगेच, म्हणजे जुलैच्या मुसळधारेआधी मूळ धरतं. बाजारात उलट, पुराचा जोर सरल्यावर, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात. जूनमध्ये लावलेलं कोवळं रोप तिथे पाण्याखाली जाईल. पुळणीवर जुलैअखेर ते ऑगस्ट, वारा जरा शांत झाल्यावर.

तारकर:
आणि नंतर पाणी कोण घालणार? खरी झाडं मरतात ती पहिल्या मार्चमध्ये.

रोपवाटिका:
निविदेत तीन उन्हाळे लिहून घ्या. नोव्हेंबरपासून मेपर्यंत कातळावर आठवड्यातून एकदा १५-२० लिटर, पुळणीवर तेवढंच पण दोनदा, कारण वाळू पाणी धरत नाही. रोज तांब्याभर घालू नका, मुळं वरच येतात. आळं खोडापासून लांब, दर वर्षी थोडं बाहेर सरकवत न्यायचं. वर पालापाचोळ्याचा चार बोटं थर, खोडाला टेकू न देता. गुरांसाठी पहिली दोन वर्षं काटेरी फांद्यांचं कुंपण पुरतं.

खाडीकाठ:
एकच अडचण उरली. आसपासच्या तीन नर्सऱ्यांत विचारलं. करंज, बकुळ, ताम्हण, अर्जुन भरपूर आहेत. भेंडाच्या फांद्या लावून रोपं करता येतील म्हणतात. उंडी कोणाकडेच नाही. ठेकेदार म्हणतो, त्या २० जागी सोनमोहर लावू.

उधाण:
जागा रिकाम्या ठेवा. बदली झाड एकदा लागलं की ते काढायची परवानगी पुढे कोणी देत नाही. खड्डे खणून, माती भरून, त्यात वर्षभर ताग किंवा चवळी पेरा, जमीनच सुधारेल.

आणि उंडी आत्ताच पेरा. जुन्या झाडाखाली गोल, गोटीएवढ्या बिया पडलेल्या असतात. पाण्यात टाकून निवडायला जाऊ नका, उंडीची चांगली बी सुद्धा तरंगते, समुद्रावरून वाहत जाऊनच ती पसरते. हातात धरून हलवा, आत खुळखुळणारी जुनी असते, ती बाजूला काढा. कवच टणक असतं. तसंच पेरलं तर उगवायला दोन महिने लागू शकतात. दोन दगडांत धरून हलक्या हाताने कवचाला तडा द्या किंवा ते अलगद काढून टाका, पण आतल्या गराला इजा होऊ देऊ नका. मग तीन ते सहा आठवड्यांत कोंब येतो. उंच पिशवीत पेरा, तळाला भोकं हवीत. वाळू एक भाग, तांबडी माती एक भाग, शेणखत एक भाग. बी बोटाच्या एका पेराएवढीच खोल. उंदीर आणि खेकडे खातात, वर जाळी ठेवा. अर्धी सावली, दिवसाआड पाणी. २० झाडांसाठी ६० बिया धरा. वाढ सावकाश असल्याने दोन पावसाळे पिशवीत काढावे लागतील, पण मधे एकदा मोठ्या पिशवीत हलवा, म्हणजे रोपवाटिका म्हणाल्या ती गुंडाळी होणार नाही.

मिरगाचा_किडा:
खाडीकाठ, आमच्या देवळामागे दोन जुन्या उंड्या आहेत. बिया पडल्यात. शंभरेक गोळा करून ठेवतो, निरोप पाठवा.